चाकाखालची वीट

मोटार वीतभर पुढं सरकली आणि थांबली. बाकी काही झालं नाही. दशाश्वमेधाच्या उतारावर मुळ्याच्या जुड्या बांधणारी म्हातारी बांधतच राहिली, एक बैल मडगार्डाला अंग घासून गेला, घाटाकडून ओल्या धोतरांची एक रांग वर आली आणि पांगली. मागच्या सीटवर एकटा बसलेला बिंदुमाधव मात्र दोन्ही तळवे गुडघ्यांवर दाबून, आपल्याला भास झाला की काय, हे ठरवत बसला. भास नव्हता. मघाशी दाराच्या काचेत मधोमध दिसणारा दिव्याचा खांब आता मागच्या कडेकडे सरकला होता. पुढं रस्ता संपत होता, रस्ता संपतो तिथून पायऱ्या सुरू होतात, आणि त्या पायऱ्या कुठं जातात हे काशीत कुणाला सांगायला नको. हॅण्डब्रेकचा दांडा ओढलेला दिसत होता. दिनानाथनं उतरताना तो ओढला तेव्हा दात्यांवरून चारदा टकटक झालेलं बिंदुमाधवनं ऐकलं होतं. गणिताच्या मास्तराला कुठल्याही आवाजाची मोजदाद ठेवायची खोडच असते. चार म्हणजे बरोबर. मग सरकली कशी? आणि सरकली ती थांबली कशी? तो खाली उतरला, धोतराचा सोगा सावरून वाकला. पुढच्या चाकाखाली एक वीट होती. पक्की, कोपरे न झिजलेली. वीट काही चालत आली नव्हती. पान खायला गेलेल्या दिनानाथनं ती जाताजाता पायानं आत सारली असणार, मालकाला दिसू नये अशी. परवाच हा गृहस्थ छातीवर हात ठेवून सांगत होता, ‘मास्तरसाहेब, ब्रेक एकदम पक्का.’ ज्याला ब्रेक पक्का असल्याची खात्री असते तो चाकाखाली वीट ठेवत नाही. बिंदुमाधव परत आत जाऊन बसला आणि बाहेर बघत राहिला. शीतलेचं दर्शन घेऊन कालिंदी आली, तिच्यापाठोपाठ दिनानाथ आला. त्यानं आधी मास्तरांच्या तोंडाकडे पाहिलं आणि मग वीट पायानं बाजूला केली. ‘काय झालं हो?’ कालिंदीनं विचारलं. ‘कुठं काय,’ बिंदुमाधव म्हणाला. पण बायको बसताना दिनानाथनं दार धरलं आणि तिनं त्याच्याकडे न बघता मान किंचित हलवली, हे त्यानं टिपून ठेवलं.

खरं तर त्या मोटारीचा आणि त्याचा संबंध येण्याचं काही कारण नव्हतं. मंगला गौरीच्या गल्लीत राहणाऱ्या, शाळेत पोरांना त्रैराशिक शिकवणाऱ्या माणसानं मोटार ठेवायची म्हणजे लोकांच्या करमणुकीला विषय. त्या गल्लीत समोरून गाय आली तर माणसाला भिंतीला चिकटून उभं राहावं लागतं; मोटार ठेवायची ती दहा मिनिटांच्या वाटेवर, मैदागिनजवळच्या लाकडाच्या वखारीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये. पण माळव्यातल्या एका जहागीरदाराचं उपाध्येपण त्यांच्या घरात चार पिढ्या चालत आलेलं. वडील, ढुंढिराजशास्त्री, गेले आणि ते बिंदुमाधवकडे आलं. जहागीरदार म्हातारपणी काशीवासाला आले, येताना मोटार आणि दिनानाथ दोन्ही घेऊन आले, आणि आठ महिन्यांत गेले. अकराव्याच्या दिवशी शय्यादान करतात. गेलेला माणूस जे जे वापरायचा ते त्याच्या नावानं ब्राह्मणाला द्यायचं, म्हणजे पुढच्या वाटेवर त्याची अडचण होत नाही. गादी आली, छत्री आली, जोडे आले, चांदीच्या मुठीची काठी आली. आणि मुलगा म्हणाला, वडील पाऊल टाकायचे ते मोटारीतच, तेव्हा तीही घ्या, चालवायला दिनानाथ राहील. शाळेतली पोरं पाठीमागं विचारायची, वरती पेट्रोल कोण देतो? मोठी माणसं असं विचारत नव्हती, पण त्यांचं गप्प राहणं जास्त बोचायचं. मृताची वस्तू घ्यायची म्हणजे त्याचं जे काही उरलं असेल ते अंगावर घ्यायचं, आणि ते पचवायचं तर लाखानं जप हवा, असं घराघरांत मानायचे. बिंदुमाधव म्हणायचा, आपण त्यातलं काही मानत नाही. घर्षण आणि वेग यांच्यापलीकडे मोटारीत काही नसतं. जप त्यानं केला नाही. आणि खरं सांगायचं तर मोटार घेताना त्याला भारी सुख झालं होतं. चौकातून जाताना इक्केवाले बाजूला व्हायचे, आणि सत्तेचाळीस वर्षं इक्क्यांना वाट देण्यात घालवलेल्या माणसाला त्यात काय वाटतं ते ज्याचं त्यालाच माहीत.

कालिंदीला मात्र ती मोटार सुरुवातीपासून नको होती. पहिले तीन महिने तिनं पायरीवर पाऊल ठेवलं नाही. ‘मला पायी बरं वाटतं,’ म्हणायची. पहिली बायको, सीता, गेल्यावर दोन वर्षांनी त्यानं हिच्याशी लग्न केलं तेव्हा तो छत्तीसचा आणि ही एकोणिसाची. अकरा वर्षं झाली. मूलबाळ नाही. घरात ती वावरायची ती पाहुण्यासारखी नव्हे आणि मालकिणीसारखीही नव्हे. मधल्याच कुठल्या तरी पायरीवर. तिच्या मनात काय चालतं हे त्याला कधी नीट कळलं नाही, आणि विचारावं तर आपलं वय आड यायचं. आरशात कानांवरचे पांढरे केस दिसले की तो नकळत स्वयंपाकघराकडे बघायचा. श्रावणानंतर मात्र एकाएकी ती मोटारीला सरावली. दर्शनाला जायचं तर ‘मोटार काढायची का?’ असं तीच विचारू लागली. त्याला तेव्हा बरं वाटलं होतं. माणूस किती मूर्ख असतो, असं आता त्याला वाटलं. बायको तीन महिने ज्या गाडीला शिवत नाही तिच्यात चौथ्या महिन्यात हसत बसते, आणि नवरा आपला गाडीवर खूश.

मंगळवारी शाळा सुटल्यावर तो थेट वखारीत गेला आणि दिनानाथला म्हणाला, ‘हॅण्डब्रेक आवळायचा. माझ्यासमोर.’ दिनानाथ पन्नाशीचा, हाडापेरानं मोठा, डोक्याला तेल चोपडून भांग पाडणारा माणूस. जहागीरदाराच्या पदरी वीस वर्षं काढल्यामुळं त्याचं मराठी चांगलं होतं. त्यानं उगीच काही विचारलं नाही. मागची चाकं जॅकवर उचलली, जुनं पोतं अंथरलं आणि पाठीवर सरकत खाली गेला. ‘हे बघा साहेब,’ तो आतून बोलू लागला, ‘दांडा ओढला की ही सळई ओढली जाते. सळई तिथं मागं चाकाच्या पिंपाला बाहेरून जो पट्टा आहे तो आवळते. पट्टा झिजला, सळई सैल पडली, की दांडा शेवटपर्यंत येतो तरी पट्टा बसत नाही. मग इथला नट फिरवायचा. चाक हातानं फिरेनासं झालं की अर्धा आटा मागं यायचं. चार दात्यांवर धरलं पाहिजे.’ बिंदुमाधवही कोट काढून त्याच्या शेजारी आडवा झाला. लोखंडाचा, रॉकेलचा आणि कसला तरी घरगुती, ओळखीचा वास तिथं होता. दोघांची डोकी एका पोत्यावर होती. पाना फिरत होता, दिनानाथचं मनगट त्याच्या तोंडासमोर येत-जात होतं, आणि बिंदुमाधवच्या मनात आलं की आपल्या अंगावर आत्ता ही चाळीस मणांची वस्तू आहे आणि ती ज्यावर टेकली आहे तो जॅक या माणसानं लावलेला आहे. ‘उतारावर वीट का लावली होतीस?’ त्यानं विचारलं. पाना थांबला. ‘जुनी सवय, साहेब.’ ‘ब्रेक पक्का असताना?’ ‘पक्का असला तरी.’ आणि पाना पुन्हा फिरू लागला. उत्तरात काही चूक नव्हती. पण उत्तराआधी पाना थांबला होता.

आता नट कुणी सैल करतं का, हे कळायला काय हवं? दिनानाथ हात धुवायला नळावर गेला तेवढ्यात बिंदुमाधवनं खिशातल्या चाकूनं नटावर आणि सळईवर मिळून एक सरळ ओरखडा काढला. नट केसभर फिरला तरी रेघ तुटेल. शुक्रवारी संध्याकाळी त्यानं मोटार राजघाटच्या पुलाकडच्या चढावर न्यायला लावली आणि म्हणाला, ‘वीट लावू नकोस.’ चार दाते. दहा मिनिटं थांबले. जागची हलली नाही. रविवारी सकाळी पुन्हा तिथंच. दांडा चार दात्यांवरच थांबला, म्हणजे सळई तशीच ताठ होती. ‘वीट लावू द्या साहेब,’ दिनानाथ हळूच म्हणाला. ‘नको.’ मोटार एक क्षण थांबली आणि मग, कुणीतरी हळूच हात काढून घ्यावा तशी, मागं घरंगळू लागली. दिनानाथनं पायाचा ब्रेक दाबला. बिंदुमाधवनं वखारीत आल्यावर खाली वाकून पाहिलं. रेघ अखंड. नट फिरला नव्हता, दाते चारच होते, आणि ब्रेक धरत नव्हता. गणितात असं होत नाही. शुक्रवारी उत्तर बरोबर, रविवारी चूक, आणि मांडणी तीच. म्हणजे मधे काहीतरी घडलं. शुक्रवार आणि रविवार यांच्या मधे काय असतं हे सांगायला पाटी-पेन्सिल लागत नाही.

काशीनाथ त्याला त्याच संध्याकाळी बालाजी घाटावर भेटला. हा त्याचा चुलतभाऊ; लहान, पण पूजाअर्चेतच राहिल्यामुळं गल्लीत मोठा झालेला. जहागीरदाराकडचं दान आपल्याला यायला हवं होतं असं त्याचं मत होतं, आणि ते त्यानं न बोलता सगळीकडे पोहोचवलं होतं. ‘दादा, मोटार काय म्हणते?’ त्यानं विचारलं. ‘चालते.’ ‘वहिनींना बरीच आवडलेली दिसते. शनिवारी दुपारी वखारीकडे दिसल्या. मागच्याही शनिवारी. मला वाटलं तुम्ही बरोबर असाल.’ ‘असेन,’ बिंदुमाधव म्हणाला. ‘तुम्ही कुठले, तुमची तर शनिवारी शिकवणी असते. तो ड्रायव्हर दाराशी उभा होता.’ काशीनाथ एवढंच बोलला आणि संध्येला बसला. बिंदुमाधव पायरीवर तसाच उभा राहिला. खालच्या पायरीला पाणी लागत होतं, परत जात होतं. त्याला राग आला तो आधी काशीनाथचा. मत्सरी माणूस, विष कालवायला निघालाय. मग वाटलं, यानंच तर पैसे चारून ब्रेक बिघडवला नसेल? मग जहागीरदाराचा मुलगा आठवला; मोटार देऊन बसला आणि आता पस्तावला असेल, ड्रायव्हर तर त्याचाच. असा तो एकेकाला पुढं करून बघत होता, आणि प्रत्येक जण थोडा वेळ उभा राहून बाजूला होत होता. शेवटी उरायचे ते दोघंच. उतारावर मागच्या सीटवर एकटा कोण होता? आपण. दोघं खाली उतरली होती.

तो आठवडा त्यानं कसा काढला ते त्याचं त्याला ठाऊक. फळ्यावर लिहिताना खडू थांबायचा आणि पोरं एकमेकांकडे बघायची. घरी तो कालिंदीकडे बघायचा. चोरून, पुस्तकाच्या कडेवरून. ती नेहमीसारखीच होती, आणि नेमकं तेच त्याला सहन होत नव्हतं. ज्याच्या मनात पाप आहे त्यानं निदान गोंधळावं, वरणात मीठ विसरावं. ही वेळेवर ताट वाढत होती, मंगला गौरीला जात होती, ‘पांघरूण घ्या, मार्गशीर्षातला वारा वाईट,’ म्हणून खिडकी लावत होती. बुधवारी तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला तेव्हा तिच्या पदराला तिळाच्या तेलाचा वास आला. त्यानं मोटारीखालचा तो ओळखीचा वास आठवला. दिनानाथचं तेल चोपडलेलं डोकं आठवलं, एका पोत्यावर शेजारी असलेलं. त्याचा घास तोंडातच फिरू लागला. सीतेच्या वेळी असं कधी झालं नव्हतं. सीता भोळी होती, किंवा तो तरुण होता. तरुण माणसाला शंका घ्यायला फुरसत नसते. ‘जेवण आवडलं नाही का?’ कालिंदीनं विचारलं. तिच्या गळ्याच्या खळग्यात मंगळसूत्राची वाटी हलत होती. हिला आत्ता विचारावं, सरळ, आणि सुटावं, असं त्याला फार वाटलं. पण विचारलं आणि ती ‘हो’ म्हणाली तर? अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्याला कळलं की हिच्याशिवाय या घरात आपल्याला एक दिवसही काढता येणार नाही. हे कळण्याची ही काय वेळ होती? तो म्हणाला, ‘आवडलं. भूक नाही.’

शनिवारी तो शिकवणीला म्हणून निघाला आणि वखारीत मागच्या बाजूनं शिरला. सागाच्या फळ्यांची थप्पी शेडच्या भिंतीला लागून होती. तिच्यामागं उभं राहिलं की पत्र्याच्या फटीतून आतलं दिसायचं. परीक्षेत एकमेकांचं उतरवणाऱ्या पोरांना पकडायला तो असाच खिडकीमागं उभा राहायचा. आज लाज वाटत होती, पण पाय निघत नव्हते. दिनानाथ मडगार्ड पुसत होता. थोड्या वेळानं कालिंदी आली. डोक्यावरून पदर, हातात झाकलेली परडी. बिंदुमाधवनं फळीवर टेकलेला हात काढून घेतला. दिनानाथ उठला, त्यानं एक पाट मागच्या चाकाजवळ ठेवला, आणि बाहेर जाऊन दाराशी पाठमोरा उभा राहिला. आत ती एकटीच. ती पाटावर बसली. परडीतून तिनं एक वाटी काढली, मूठभर काळे उडीद काढले, चाकाच्या तुंब्याला हळद-कुंकू लावलं. मग वाटी तिरकी करून त्यावर तेलाची धार धरली. तेल तुंब्यावरून ओघळत पिंपावर आलं, पिंपावरून पट्ट्यात मुरलं. ती पुटपुटत होती. ‘शनिदेवा, भारद्वाज गोत्राचे बिंदुमाधव ढुंढिराज, यांच्यावर या गाडीतून जे आलं असेल ते या तेलाबरोबर उतरू दे. उतरत नसेल तर माझ्यावर येऊ दे.’ आणि पुन्हा, दुसऱ्या चाकाशी जाऊन, पुन्हा तेच. तिच्या तोंडून आपलं नाव त्यानं कधी ऐकलं नव्हतं. दुसरेपणाचं लग्न, उखाणा घे म्हणून कुणी आग्रह केला नव्हता, आणि एरवी नवऱ्याचं नाव कोण घेतं. ते नाव तिनं इतक्या सावकाश, इतकं जपून उच्चारलं, की हा कुणी दुसराच, बरा माणूस असावा असं त्याला क्षणभर वाटलं.

तो थप्पीमागून निघाला आणि पुढून आत गेला. दिनानाथनं त्याला अडवायला हात उचलला आणि खाली घेतला. कालिंदी दचकून उभी राहिली. वाटी तिच्या हातातच होती. ‘हे काय चालवलं आहेस?’ बिंदुमाधव म्हणाला. त्याला एवढं हलकं वाटत होतं की रडू येईल अशी भीती वाटली, म्हणून तो रागावला. ‘एकवीस शनिवार सांगितले होते,’ ती म्हणाली, ‘गंगामावशीनं. कुणाला सांगितलं तर फळ जातं. तीन राहिले होते.’ गंगामावशी म्हणजे तिची सख्खी मावशी. बाविसाव्या वर्षी केस उतरवून, लाल आलवण नेसून काशीत येऊन राहिलेली, अन्नछत्रातल्या पंगतीत जेवणारी. ‘तुम्ही जप केला नाहीत. मी काय करायचं होतं? मावशीचं सगळं माझ्या डोळ्यांपुढं आहे.’ बिंदुमाधवनं पट्ट्यावर बोट फिरवलं आणि तिच्यापुढं धरलं. ‘हे बघ. हे तेल. ब्रेक धरतो तो घर्षणानं. तेल घातलं की घर्षण गेलं. तू वर शनीला तेल घालतेस आणि गाडी खाली घरंगळते. मागच्या सोमवारी मी आत बसलो होतो तेव्हा सरकली. खाली वीट नसती तर...’ तो बोलतच राहिला. पट्टा, पिंप, सळई, चार दाते. वर्गात बोलतो तसा, क्रमानं. बोलता बोलता त्याला दिसलं की तिचा चेहरा पांढरा पडत चाललाय. ‘म्हणजे मीच?’ ती म्हणाली. वाटी तिनं खाली ठेवली. ‘दिनानाथ, तुम्हाला ठाऊक होतं?’ दिनानाथ दारातूनच म्हणाला, ‘तुम्ही गेल्यावर दर वेळी रॉकेलनं धूत होतो, बाईसाहेब. पट्टा पीत गेला. तुम्ही गंगेची शपथ घातली होती. म्हणून मग वीट.’ मग म्हणाला, ‘पायाचा ब्रेक वेगळा आहे. तो मी रोज बघत होतो.’

इथं सगळं संपायला हवं होतं. बिंदुमाधवनं तिच्या खांद्यावर हात ठेवला असता, दोन शब्द बोलला असता, तर कदाचित संपलंही असतं. पण त्याला वाटलं की अजून थोडं समजावून सांगावं. ‘शिवाय तिळाचं तेल लवकर वाळत नाही,’ तो म्हणाला, ‘आठवड्यानं जरा कमी होतं, म्हणून शुक्रवारी धरत होता आणि रविवारी...’ ‘तुम्ही इथं कसे?’ कालिंदीनं विचारलं. आवाज साधाच होता. ‘आज शिकवणी असते तुमची.’ शिकवणी लवकर सुटली, एवढं बोललं असतं तरी चाललं असतं. पण पोरांची खोटी उत्तरं पंचवीस वर्षं पकडण्यात घालवलेल्या माणसाला ऐन वेळी एकही सुचेना. तिनं त्याच्या कोटाकडे पाहिलं. बाहीला सागाचा भुसा लागला होता. तिची नजर भिंतीपलीकडच्या थप्पीकडे गेली, पत्र्याच्या फटीकडे गेली, मग दाराशी उभ्या असलेल्या दिनानाथकडे गेली. दिनानाथ जमिनीकडे बघत होता. त्याला तिच्याआधीच कळलं होतं. ‘किती वेळ उभे होतात?’ तिनं विचारलं. ‘तू आल्यापासून,’ तो म्हणाला. तिनं उडदाचे दाणे एकेक वेचून परडीत टाकले, पदर सारखा केला आणि निघाली. मोटारीनं सोडतो, असं दिनानाथ म्हणाला नाही. बिंदुमाधव म्हणाला, पण ती तोपर्यंत रस्त्यावर पोहोचली होती.

सोमवारी नवीन पट्टे बसवले. राजघाटच्या चढावर अर्धा तास उभी केली, विटेशिवाय. मोटार तसूभर हलली नाही. चार दाते. दिनानाथ महिनाअखेरपर्यंत राहिला आणि गावाकडे बोलावणं आलं आहे असं सांगून माळव्यात निघून गेला. बोलावणं कुणाचं, हे विचारायची बिंदुमाधवची छाती झाली नाही. तो फक्त म्हणाला, ‘दिनानाथ, माझ्या मनात काही नव्हतं.’ दिनानाथ म्हणाला, ‘नसेलच, साहेब,’ आणि किल्ली त्याच्या हातात न देता सीटवर ठेवून गेला. मोटार मग शेडमध्येच असायची. घरात मात्र काही बदललं नाही. कालिंदी रुसली नाही, माहेरी गेली नाही, आवाज चढवला नाही. ताट वेळेवर येत होतं. एवढंच, की घराबाहेर पाऊल टाकायच्या आधी ती आता त्याच्या खोलीच्या उंबऱ्याशी यायची आणि सांगायची. ‘मंगला गौरीला जाते. बरोबर शेजारची बकुळ आहे. पाव तासात येते.’ ‘भाजीला जाते. एकटीच आहे. परतायला अर्धा तास लागेल.’ पहिल्यांदा त्याला वाटलं, राग आहे, उतरेल. मग तो म्हणाला, ‘अगं, मी विचारलं का?’ ‘नाही. पण सांगितलेलं बरं.’ त्या बोलण्यात टोचणं नव्हतं. असतं तर त्याला बरं वाटलं असतं. रात्री अंथरुणावर पडल्यावर तिनं आपलं नाव कसं घेतलं होतं ते तो पुन्हा ऐकायचा प्रयत्न करायचा, पण शब्द आठवायचे आणि आवाज आठवायचा नाही. तुझ्यावर माझा विश्वास आहे, असं त्यानं एकदा सांगून पाहिलं. ती लसूण सोलत होती. ‘बरं,’ म्हणाली.

फाल्गुनात एका दुपारी ती उंबऱ्याशी आली. ‘बालाजी घाटावर जाते. लुगडी धुवायची आहेत. गंगामावशी आहे बरोबर. अर्ध्या तासात येते.’ तो पोरांच्या वह्या तपासत होता. मान वर न करता ‘हं’ म्हणाला. जिन्यावर तिची पावलं उतरत गेली. एका वहीतली पाचही गणितं चुकली होती; त्यानं पाचांवर फुल्या मारल्या. मग घड्याळाकडे पाहिलं. आणखी दोन वह्या झाल्या. पस्तीस मिनिटं. मावशी म्हातारी, पायऱ्या चढायला वेळ लागतो. चाळीस. धुणं जास्त असेल. पण धुणं काल झालं होतं, नाही का? काल गच्चीवर वाळत घातलेलं त्यानं स्वतः पाहिलं होतं. त्यानं टाक ठेवला. आपण कुठंही जाणार नाही, असं स्वतःला स्पष्ट सांगितलं. पाऊण तास झाला तेव्हा त्याच्या पायांत चपला होत्या आणि तो गल्लीच्या वळणावर होता. घाटाच्या वरच्या पायरीवर येऊन थांबला. खाली कालिंदी आणि मावशी, दोघीच, पिळलेली लुगडी मांडीवर घेऊन उन्हात बसल्या होत्या. मावशी काहीतरी सांगत होती आणि कालिंदी हसत होती. असं हसताना त्यानं तिला कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं. मग तिनं सहज मान वळवली आणि तो दिसला. ती दचकली नाही. ओल्या लुगड्यांचे पिळे उचलून उभी राहिली आणि मावशीला हात देत म्हणाली, ‘चला मावशी. वेळ झाला वाटतं. हे बघायला आलेत.’